शंका घेणारे सोबती
(नाचणगाव, जि. वर्धा येथे तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय अणुकेंद्राचा आहे. पुलगावचा दारूगोळा डेपो आपल्या उशाशी. त्यामुळे ‘न्यूक्लिअर’ म्हटलं की आपल्याकडे पहिला विचार येतो स्फोटाचा आणि दुसरा विजेचा. मी आज या दोन्हींबद्दल बोलणार नाही. मला बोलायचं आहे ते एका कामाच्या पद्धतीबद्दल. अणूच्या पोटात जे केंद्र असतं ते आतून कसं रचलेलं आहे, हा प्रश्न गेली कित्येक दशकं वेगवेगळ्या देशांतली माणसं मिळून सोडवत आहेत. त्यातला एक गट गणित मांडतो, दुसरा यंत्रं चालवून मोजमाप घेतो. आपल्या बोलण्यात आपण त्यांना थिअरीवाले आणि प्रयोगवाले म्हणू. हे दोघे एकमेकांशी कसे वागतात, यात आपल्याला घेण्यासारखं बरंच आहे. शिवाय या कामातला एक फार मोठा माणूस आपल्या विदर्भातला आहे. त्याचं नाव इथे बसलेल्यांपैकी थोड्यांनीच ऐकलं असेल. म्हणून हा विषय निवडला.

आधी अणुकेंद्राकडे येऊ. शाळेत आपण शिकलो की अणूच्या मधोमध केंद्र असतं, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात आणि बाहेर इलेक्ट्रॉन फिरतात. केंद्र अणूच्या मानाने अतिशय लहान असतं. पण अणूचं जवळजवळ सगळं वजन त्याच्यातच असतं. आता प्रश्न असा की इतक्या कमी जागेत कोंबलेले हे प्रोटॉन-न्यूट्रॉन राहतात कसे? बाजाराच्या गर्दीसारखे धक्काबुक्की करत, की प्रत्येक जण आपल्या ठरलेल्या जागी?

१९४९ साली याचं एक उत्तर मिळालं. अमेरिकेत मारिया ग्योपर्ट मायर आणि जर्मनीत हान्स येन्सन व त्यांचे सहकारी यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की केंद्रातले कण आपापल्या ठरावीक कक्षांत असल्यासारखे वागतात. प्रयोगवाल्यांना आधीपासून दिसत होतं की २, ८, २०, २८, ५०, ८२ आणि १२६ एवढे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन असले की केंद्र जास्त टिकाऊ असतं. या आकड्यांचा अर्थ लागत नव्हता, तो या ‘शेल मॉडेल’ने लावला. महायुद्ध संपून जेमतेम चार वर्षं झाली होती. एक जण विजेत्या देशात, दुसरा हरलेल्या देशात. ‘आधी कोणाला सुचलं’ या वादात न पडता दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं, ते १९५५ साली आलं. १९६३ साली दोघांनाही नोबेल मिळालं. इथे बसलेल्या मुलींनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मायरबाईंनी आयुष्यातली कित्येक वर्षं विद्यापीठांत बिनपगारी किंवा दुय्यम जागेवर काम केलं. पूर्ण पगाराची प्राध्यापकी त्यांना १९६० साली मिळाली, म्हणजे ज्या कामासाठी नोबेल मिळालं ते करून झाल्यावर दहा-अकरा वर्षांनी.

शेल मॉडेल छान चाललं. पण त्यात एक अडचण होती आणि आजच्या गोष्टीचा गाभा तीच आहे.

शाळेच्या वर्गाचं उदाहरण घेऊ. हजेरीपटावर शंभर नावं आहेत आणि प्रत्येकाचा बाक ठरलेला आहे. शेल मॉडेल म्हणतं, सगळे आपापल्या बाकावर आहेत. आता कोणी तरी वर्गात जाऊन खरंच मोजायला हवं. केंद्राच्या वर्गात जायचं कसं? त्यासाठी प्रयोगवाले इलेक्ट्रॉन वापरतात. वेगवान इलेक्ट्रॉन केंद्रावर सोडायचा, त्याने एक प्रोटॉन बाहेर उडवायचा आणि मग दोघांची ऊर्जा मोजायची. आत गेली किती, बाहेर आली किती, याचा हिशोब केला की तो प्रोटॉन कोणत्या बाकावर बसला होता ते कळतं. असे हजारो-लाखो प्रोटॉन मोजले की त्या बाकावर किती जण होते तेही कळतं.

फ्रान्समध्ये पॅरिसजवळ साक्ले नावाच्या ठिकाणी याच इलेक्ट्रॉनने वेगळा प्रयोग झाला. त्याचा निकाल १९८२ साली छापून आला. त्यांनी दोन शेजारी केंद्रं घेतली: शिसं-२०६ आणि थॅलियम-२०५. दोन्हींत न्यूट्रॉन सारखेच, १२४. शिशात प्रोटॉन ८२, थॅलियममध्ये ८१. दोन्हींतला विद्युतभार कुठे किती पसरला आहे ते मोजलं आणि एकातून दुसरा वजा केला. जे उरलं ते त्या एका ८२व्या प्रोटॉनचं चित्र. त्या चित्राचा आकार शेल मॉडेलने सांगितला तसाच निघाला. शिशाच्या मधोमध सुद्धा कक्षा नावाची गोष्ट खरी आहे, हे त्यातून दिसलं. पण प्रमाण कमी भरलं. जेवढं असायला हवं त्याच्या साधारण ७० टक्के.

पुढे नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅमच्या ‘निखेफ’ प्रयोगशाळेत प्रोटॉन उडवून मोजण्याचे प्रयोग पद्धतशीर झाले. हलक्या केंद्रांपासून शिशापर्यंत, जिथे पाहावं तिथे हजेरी ६० ते ७० टक्क्यांच्या आसपास. वर्गातले एक तृतीयांश विद्यार्थी बाकावर नाहीत. मग आहेत कुठे?

इथे आपल्या माणसाचा प्रवेश होतो. विजय रघुनाथ पांढरीपांडे. जन्म १९४०, नागपूर. शिक्षण नागपूर विद्यापीठात. वर्धा जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या पदव्यांवर आज ज्या विद्यापीठाचं नाव छापलं जातं तेच हे विद्यापीठ. तिथून ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये गेले. मुंबई विद्यापीठाची पीएचडी घेतली. १९७२ पासून ते अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात होते, ते २००६ साली त्यांचं निधन होईपर्यंत. सूर्यात ऊर्जा कशी तयार होते हे ज्यांनी शोधलं त्या हान्स बेथे यांच्यासोबत त्यांनी १९७३ साली लिहिलेला लेख प्रसिद्ध आहे. १९९९ साली त्यांना अणुकेंद्राच्या भौतिकशास्त्रातला बॉनर पुरस्कार मिळाला. त्यांच्या पत्नी राजेश्वरी पांढरीपांडे भाषाशास्त्रज्ञ. मराठीचं सविस्तर व्याकरण त्यांनी इंग्रजीत लिहिलं, ते १९९७ साली प्रसिद्ध झालं.

पांढरीपांडे पक्के थिअरीवाले. त्यांचा प्रश्न असा होता: दोन कणांमध्ये जे बल असतं ते आपल्याला प्रयोगांतून माहीत आहे. तेवढंच हातात घेऊन अख्खं केंद्र गणिताने उभं करता येईल का? हे बल विचित्र असतं. दोन कण थोड्या अंतरावर असले की एकमेकांना ओढतात, पण फार जवळ आले की जोरात दूर ढकलतात. त्यामुळे केंद्रातला प्रत्येक कण फक्त आपल्या कक्षेचा विचार करून राहूच शकत नाही. शेजाऱ्याशी त्याची गाठ पडते आणि काही काळ तो कक्षा सोडून भलत्याच वेगाने जातो.

१९८४ साली पांढरीपांडे, कोस्तास पापानिकोलास आणि योखेन वाम्बाख या तिघांचा एक लेख आला. शिशाच्या परिसरातल्या केंद्रांमध्ये कोणती कक्षा किती भरलेली असते, हा त्याचा विषय. एक नागपूरचा, एक ग्रीक भाषेचा, एक जर्मन. पापानिकोलास इलेक्ट्रॉनच्या प्रयोगांत काम करणारे, बाकीचे दोघे थिअरीवाले. कणांची जवळून होणारी धडक हे एक कारण आणि केंद्राच्या पृष्ठभागाचं एकत्रित हलणं हे दुसरं. दोन्ही धरली की प्रयोगातली घट समजते, असं त्यांनी मांडलं.

पुढे १९९७ साली ‘रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स’ या नामवंत नियतकालिकात एक मोठा लेख आला. लेखक तीन. पहिले पांढरीपांडे. दुसरे स्वित्झर्लंडच्या बाझेल विद्यापीठाचे इंगो झिक. तिसरे निखेफचे पीटर डेविट ह्युबर्ट्स. शेवटचे दोघेही इलेक्ट्रॉनचे प्रयोग करणारे. शेल मॉडेलची हजेरी का कमी भरते, याचा सगळा हिशोब गणित आणि मोजमाप शेजारी शेजारी ठेवून त्यांनी एकत्र मांडला. आजचा आपला विषय, म्हणजे देशोदेशीच्या थिअरीवाल्यांची आणि प्रयोगवाल्यांची भागीदारी, मला एका कागदावर दाखवायची असेल तर मी हा लेख दाखवीन.

आता तुम्ही म्हणाल, यात विशेष काय? एकाने मोजलं, दुसऱ्याने कारण सांगितलं. पण हे काम दोन्ही बाजूंनी तपासणीचं असतं. याचं एक उदाहरण देतो.

दोन कणांमधलं बल गणितात लिहायचं तर आधी मोजमापं लागतात. कणावर कण आदळवण्याचे प्रयोग जगभर अनेक प्रयोगशाळांत, अनेक वर्षं झाले. सगळ्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. नेदरलँड्समधल्या नायमेखन विद्यापीठातल्या थिअरीवाल्यांनी ते सगळे आकडे चाळले. एक नियम ठरवला आणि बाकीच्यांशी न जुळणारे आकडे बाजूला काढले. म्हणजे थिअरीवाल्यांनी प्रयोगवाल्यांना सांगितलं की तुमच्या या मोजमापावर आमचा भरवसा बसत नाही. चाळून उरलेल्या ४३०१ आकड्यांवर १९९५ साली बलाचं एक सूत्र बेतलं गेलं. त्याचं नाव ‘आर्गॉन व्ही-१८’. त्याचे तीन लेखक: रॉबर्ट विरिंगा, व्हिन्सेंट स्टोक्स आणि रोको स्कियाविला. विरिंगा आणि स्कियाविला हे दोघेही पांढरीपांड्यांचे विद्यार्थी. स्टोक्स नायमेखनच्या गटात तयार झालेले.

मग प्रयोगवाल्यांची पाळी आली. हे सूत्र घेऊन ट्रिटियमचं केंद्र उभं केलं. त्यात एक प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन, म्हणजे अगदी लहान केंद्र. ते फोडायला किती ऊर्जा लागेल, याचं गणित सुमारे ७.६ आलं. मोजमाप होतं ८.४८. या मापाच्या एककाला मेव्ह म्हणतात, पण आपल्याला फरकाशी मतलब. हीलियम-४ च्या बाबतीत गणित २४ च्या आसपास, मोजमाप २८.३. मोजमाप पक्कं होतं, त्यात शंकेला जागा नव्हती. म्हणजे गणितात काही तरी राहिलं होतं.

राहिलं होतं ते असं. दोन मित्र एकटे असताना जसे बोलतात, तसे तिसरा येऊन बसल्यावर बोलत नाहीत. तीन कण एकत्र आले की दोघा-दोघांच्या बलांची बेरीज पुरत नाही, तिघांचं मिळून एक वेगळं बल असतं. ही कल्पना जुनी होती. पांढरीपांड्यांच्या गटाने तिला वापरण्याजोगं रूप दिलं. इलिनॉय विद्यापीठाच्या गावावरून त्याला ‘अर्बाना’ बल म्हणतात. त्याचं प्रमाण ट्रिटियमवरून ठरवलं. मग हीलियम-४ सुद्धा बरोबर आलं. पण काम तिथे संपलं नाही. थोडी मोठी केंद्रं घेतली, विशेषतः ज्यांत न्यूट्रॉन जास्त आहेत अशी, उदाहरणार्थ हीलियम-८, तर हे बलही कमी पडू लागलं. मग २००१ साली पीपर, पांढरीपांडे, विरिंगा आणि कार्लसन यांनी नवीन सूत्र मांडलं. आपल्याच नावावर असलेलं सूत्र कुठे पडतं, ते त्यांनी स्वतः आकडे छापून दाखवलं आणि पुढचं सूत्र लिहायला घेतलं.

मित्रहो, याला मी मोठेपणा म्हणतो. आपल्याकडे एखाद्याच्या मताला आकड्यानिशी विरोध केला की तो वैर धरतो. इथे विरोध करणाऱ्याचं नाव लेखात सहलेखक म्हणून येतं.

त्या बेपत्ता विद्यार्थ्यांचं पुढे काय झालं, तेही सांगतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या जेफरसन प्रयोगशाळेत कार्बनच्या केंद्रावर इलेक्ट्रॉन सोडून एक प्रयोग झाला. २००८ साली ‘सायन्स’मध्ये छापलेल्या लेखाचे पहिले लेखक रमेश सुबेदी. त्यात दिसलं की कार्बनमधले सुमारे ८० टक्के कण शेल मॉडेल सांगतं त्या पद्धतीने राहतात. उरलेले सुमारे २० टक्के कोणत्याही क्षणी जोडीजोडीने अगदी जवळ आलेले आणि मोठ्या वेगात असतात. या जोड्यांपैकी सुमारे ९० टक्के जोड्या एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन अशा. दोन प्रोटॉन किंवा दोन न्यूट्रॉन यांच्या जोड्या अगदी थोड्या. असं का? याचं गणित आदल्याच वर्षी, २००७ साली, स्कियाविला, विरिंगा, पीपर आणि कार्लसन यांनी मांडलं होतं. बलाचा जो भाग कणांच्या दिशेवर अवलंबून असतो, तो प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या जोडीत जास्त जोर धरतो. पांढरीपांडे तेव्हा हयात नव्हते. पण त्यांच्या विद्यार्थ्यांचं गणित आणि हे मोजमाप एकमेकांना भेटलं होतं.

आणखी एक भेट आकाशात झाली. १९९८ साली अकमल, पांढरीपांडे आणि रेव्हनहॉल यांनी याच बलांवरून न्यूट्रॉन तारे किती जड असू शकतात याचं गणित केलं. मर्यादा आली सूर्याच्या सुमारे २.२ पट. त्या वेळी नीट मोजलेले न्यूट्रॉन तारे बहुतेक १.४ पटीच्या आसपासचे होते. २०१० साली खगोलशास्त्रज्ञांनी जवळजवळ २ पट वजनाचा न्यूट्रॉन तारा मोजला. तोवर छापलेली अनेक सूत्रं त्या एका मोजमापाने बाद झाली. पांढरीपांड्यांचं टिकलं.

आता अमेरिका आणि युरोपातून मुंबईत येऊ. कारण कोणी म्हणेल, हे सगळं गोऱ्यांच्या देशात जाऊनच होतं. तसं नाही. कुलाब्याला टीआयएफआरच्या आवारात पेलेट्रॉन नावाचा वेगवर्धक आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टीआयएफआर यांचा मिळून. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तो चालतो. तिथे ‘इंगा’ नावाची एक यंत्रणा बसते. इंगा म्हणजे इंडियन नॅशनल गॅमा ॲरे, अणुकेंद्रातून निघणारे गॅमा किरण पकडणाऱ्या डिटेक्टरांचा संच. हे डिटेक्टर महाग. एका संस्थेला सगळे घेणं परवडत नाही. म्हणून देशातल्या अनेक संस्थांनी आपापले डिटेक्टर एकत्र केले. संच काही काळ मुंबईत, काही काळ दिल्लीत, काही काळ कोलकात्यात असतो. आपल्या जमातीच्या देगा असतात ना, लग्न ज्याच्या घरी त्याच्या दारात जाणाऱ्या, तसाच हा हिशोब. फक्त इथे देगेतून शिजून निघतं ते ज्ञान.

या इंगाचं एक काम सांगतो. भोवरा फिरताना थोडा डुलतो, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. काही अणुकेंद्रंही अशी डुलत फिरत असावीत, असं थिअरी सांगत होती. नोत्र दाम विद्यापीठातले स्टेफान फ्राउएनडॉर्फ आणि जर्मनीतले फ्रिडरिश ड्योनाऊ यांनी २०१४ च्या लेखात डुलण्याचा एक खास प्रकार मांडला आणि तो कुठे शोधायचा तेही सांगितलं. प्रेसिओडिमियम-१३५ या केंद्रात तो शोधला गेला. त्यात ५९ प्रोटॉन आणि ७६ न्यूट्रॉन. मुख्य मोजमाप अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत झालं. पण बाहेर पडलेले किरण नेमके कोणत्या प्रकारचे आहेत, हे ठरवायला त्यांचं ध्रुवीकरण मोजावं लागतं. त्या कामात इंगाचे डिटेक्टर चांगले, म्हणून ते मोजमाप मुंबईला झालं. २०१५ साली निकाल छापला गेला: केंद्र डुलतं.

गोष्ट इथेही संपली नाही. २०२२ साली दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय गटाने लेख छापला की हे डुलणं नाही, आमची मोजमापं वेगळं सांगतात. वाद अजून चालू आहे. मला हा वाद फार आवडतो. कारण त्यात कोणी कोणाचा देश काढत नाही, धर्म काढत नाही, ‘तुम्ही कोण सांगणारे’ असं म्हणत नाही. आकडे दाखवा, कसे मोजले ते दाखवा, आम्ही पुन्हा मोजतो, एवढंच.

आता आपल्याकडे वळतो.

आपल्या कार्यक्रमांत इब्न अल-हैसम यांचं नाव अभिमानाने घेतलं जातं. घ्यायलाच हवं. प्रकाशावरचा त्यांचा ‘किताब अल-मनाझिर’ हजार वर्षांनंतरही विज्ञानाच्या इतिहासात वाचला जातो. पण त्यांचा आणखी एक ग्रंथ आहे, त्याचं नाव आपण क्वचित घेतो. तो टॉलेमीवर आहे आणि त्याचं नावच ‘शुकूक’, म्हणजे शंका. टॉलेमी त्या काळी खगोलशास्त्रातला शेवटचा शब्द मानला जाई. इब्न अल-हैसम यांनी त्याचं म्हणणं कुठे जुळत नाही, ते एक-एक करून लिहिलं. आपल्याला त्यांचं नाव वारशात हवं असेल तर त्यांच्या शंकाही वारशात घ्याव्या लागतील. नुसतं नाव घेऊन भागणार नाही.

दुसरं नाव अब्दुस सलाम यांचं. पाकिस्तानचे भौतिकशास्त्रज्ञ, १९७९ चे नोबेल विजेते. १९६४ साली त्यांनी इटलीतल्या त्रिएस्ते शहरात एक आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू केलं. गरीब देशातल्या संशोधकाला एकटं पडावं लागू नये, त्याने काही महिने तिथे येऊन जगातल्या लोकांसोबत काम करावं आणि परत आपल्या देशात जावं, ही त्यामागची कल्पना. या केंद्रात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेसोबत अणुकेंद्राच्या रचनेवर कार्यशाळा होतात. त्यांच्या नावात तीन शब्द असतात: सिद्धांत, प्रयोग आणि मूल्यमापन. तिसरा शब्द महत्त्वाचा. जगभर छापलेली मोजमापं वाचून, ताडून, कोणती घ्यायची आणि कोणती नाही हे ठरवणारे लोकही लागतात. त्यांना मोठं यंत्र लागत नाही. चिकाटी आणि प्रामाणिकपणा लागतो. भारतातही अशा कामाचे गट आहेत.

या मूल्यमापनातून जी माहिती तयार होते ती सगळ्यांसाठी फुकट खुली आहे. ‘न्यूडॅट’ नावाचं संकेतस्थळ मोबाइलवर उघडा. माहीत असलेल्या कोणत्याही अणुकेंद्राच्या ऊर्जापातळ्या तिथे मिळतील. शिशाच्या, थॅलियमच्या, त्या डुलणाऱ्या प्रेसिओडिमियमच्याही. नाचणगावात बसलेल्या मुलीला आणि जिनेव्हात बसलेल्या प्राध्यापकाला दिसणारी माहिती एकच. हे पूर्वी नव्हतं.

वाट काय, तेही सांगतो, कारण ‘पुढे काय करू’ हा प्रश्न तुम्ही विचारणारच. बारावीनंतर नेस्ट परीक्षेतून भुवनेश्वरच्या नायसरला आणि मुंबईच्या मूलभूत विज्ञान केंद्रात जाता येतं. आयसरची स्वतःची परीक्षा आहे, पुण्याला आयसर आहे. तिथे नंबर नाही लागला तर आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजात बीएस्सी करा, त्यात काही कमीपणा नाही. त्यानंतर ‘जाम’ परीक्षेतून एमएस्सी, ‘जेस्ट’ आणि नेटमधून पीएचडी. बीएस्सी-एमएस्सी करताना उन्हाळ्यात टीआयएफआरमध्ये विद्यार्थ्यांना काम करायला बोलावतात. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या मुलांसाठी शिबिरं घेतं. आणि दिल्लीला आंतरविद्यापीठीय वेगवर्धक केंद्र आहे. ज्यांच्या विद्यापीठात यंत्र नाही त्यांच्यासाठीच ते उभारलं गेलं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या गटांनी तिथे अणुकेंद्रांच्या टकरींवर बरीच वर्षं काम केलं आहे.

एक अडचण लपवून चालणार नाही. अल्पसंख्याक समाजातल्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली. ज्या घरात पहिल्यांदा कोणी पीएचडीचा विचार करतं, त्या घराला या पैशाचा आधार होता. तो का काढला, हे नागरिक म्हणून विचारत राहिलं पाहिजे, अर्ज-निवेदनं देत राहिलं पाहिजे. पण फेलोशिप गेली म्हणून दार बंद झालं, असं घरी सांगू नका. नेटची जेआरएफ आहे. टीआयएफआर, आयसरसारख्या संस्थांत पीएचडीला घेतात त्यांना महिन्याचं विद्यावेतन मिळतं. आणि घरच्यांनाही एक सांगा. मुलगा दुबईला जाऊन पैसे पाठवतो तेव्हा आपण पाच-सात वर्षं धीर धरतो. तेवढाच धीर मुलीच्या संशोधनासाठी धरून पाहा.

शेवटचा मुद्दा. पांढरीपांडे नागपूरहून निघाले तेव्हा त्यांच्याजवळ यंत्र नव्हतं. पुढे ते कागदावर आणि संगणकावर काम करत राहिले. त्यांना मोठं केलं ते ॲमस्टरडॅम, बाझेल, साक्ले इथल्या मोजणाऱ्या माणसांनी. आणि त्या मोजणाऱ्यांना आपल्या आकड्याचा अर्थ कळला तो यांच्या गणितामुळे. दोघांपैकी कोणीही एकटा असता तर त्याला आपलं म्हणणं खरंच वाटत राहिलं असतं. समाजाचंही असंच होतं. आपण फक्त आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच लोकांशी बोलत राहिलो, तर आपला प्रत्येक समज आपल्याला खरा वाटतो, स्वतःबद्दलचा आणि दुसऱ्यांबद्दलचाही. बाहेरचं कोणी तरी मोजून सांगणारं हवं. आणि आपणही दुसऱ्यांना मोजून सांगण्याइतके तयार हवेत. त्या टेबलावर नुसतं ऐकणारा नको, हिशोब मांडणाराही आपल्यातला हवा. तो किंवा ती या सभेत बसलेली असेल, असं मी धरून चालतो.

 आता तुमच्या शंका विचारा. अवघड असतील तर जास्त बरं.